मागच्या बाजूची काच बदलताना कंपनीच्या रंगाशी रंग कसा जुळवायचा

मागच्या दाराची काच फुटली की आधी डोक्यात येतं ते पाऊस, धूळ आणि गाडी रात्री कुठे लावायची. त्या घाईत रंगाचा विचार कुणी करत नाही. गॅरेजवाला फोनवर मॉडेल सांगतो, दुकानातून काच येते, तासाभरात बसते. मग कधीतरी गाडी उन्हात उभी असताना लक्षात येतं की पुढच्या दाराची काच हिरवट आहे आणि मागची पांढरीफटक. ते झाकायला कुणीतरी फिल्म सुचवतं आणि तिथून कायद्याची वेगळीच कटकट मागे लागते.

हे टाळता येतं. कंपनीच्या काचेचा रंग नजरेच्या अंदाजाने जुळवायची गरजच नसते. काचेच्या कोपऱ्यावरचा मजकूर, गाडीचा चेसिस क्रमांक आणि एक साधी मोजणी एवढ्यावर तो नक्की ठरतो. फक्त हे सगळं ऑर्डर देण्याआधी करायला हवं, कारण एकदा बसवलेली काच दुकानदार सहसा परत घेत नाही.

रंग काचेत आहे की काचेवर?

पहिला प्रश्न हाच, आणि नव्या गाडीमालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कंपनीतून येणारी रंगीत काच आरपार रंगीत असते. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची ऑक्साइडं मिसळतात. हिरवट काचेत हे काम लोखंडाचं. लोखंडाचं एक रूप उन्हातले उष्णता आणणारे अवरक्त किरण शोषतं, दुसरं रूप अतिनील किरणांना अटकाव करतं. म्हणजे हिरवी काच दिसायलाच वेगळी असते असं नाही, मागे बसलेल्याच्या खांद्यावर येणारं ऊनही ती थोडं सौम्य करते. राखाडी, काळपट काचेत लोखंडाबरोबर कोबाल्ट, सेलेनियम अशी द्रव्यं असतात.

हा रंग घासून निघत नाही आणि उन्हाने उडतही नाही. त्यामुळे ‘जुनी काच फिकी पडलेली असते, नवी जरा गडद दिसणारच’ असं दुकानात कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. जुनी काच वेगळी दिसते ती बहुतेक वेळा बोअरच्या पाण्याचे डाग, रबरातल्या वाळूचे ओरखडे आणि आतून बसलेला धुळीचा पातळ थर यांच्यामुळे. दोन्ही काचा नीट पुसल्या तर ओरखडे सोडून बाकीचा फरक बहुतेक जातो.

फिल्म ही वेगळी गोष्ट. ती काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने काय केलं होतं हे तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून शाबूत असलेल्या काचा तपासा. पलीकडच्या बाजूच्या मागच्या दाराची काच अर्धी खाली करा आणि वरची मोकळी कड बघा. फिल्म असेल तर ती कडेच्या एक-दोन मिलिमीटर आधी संपलेली दिसते आणि नखाला तिची धार लागते. जुनी स्वस्त फिल्म जांभळट झालेली असते, कुठेतरी बुडबुडे असतात. फिल्म नसेल तर कडेकडे सरळ बघा. काचेच्या जाडीत रंग दाट होऊन दिसतो. हिरवी काच असेल तर कड स्पष्ट हिरवी, राखाडी असेल तर काळपट. साध्या काचेच्या कडेलाही अगदी किंचित हिरवी छटा असते, त्यामुळे एकट्या कडेवरून निकाल देऊ नका. काचेच्या मागे पांढरा कागद धरा. साध्या काचेतून कागद पांढराच दिसतो, हिरव्या काचेतून त्यावर उघड हिरवट झाक येते.

काचेचा कोपरा वाचायला शिका

प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या जागेत पांढरट अक्षरांत मजकूर कोरलेला असतो. बहुतेकांनी तो आयुष्यात कधी वाचलेला नसतो. तुमच्या कामाची जवळपास सगळी माहिती तिथेच असते, आणि फुटलेल्या काचेचा कोपरा दारात अडकून राहिला असेल तर तो टाकून देण्याआधी त्याचा जवळून फोटो काढा. तुकडा मिळाला नाही तरी हरकत नाही. दुसऱ्या बाजूच्या तशाच काचेचा कोपरा तेच सांगतो.

त्यात सहसा पुढच्या गोष्टी सापडतात. काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव किंवा चिन्ह: आपल्याकडच्या गाड्यांवर बहुतेक वेळा असाही इंडिया, म्हणजे ‘एआयएस’, किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट. भारतीय मानक आयएस २५५३ चा उल्लेख आणि आयएसआय चिन्ह. काच टफन (फुटल्यावर बोथट खडे होणारी) आहे की लॅमिनेटेड (दोन थर जोडून केलेली), हे शब्दांत किंवा खुणेने. निर्यातीच्या मॉडेलवर वर्तुळातला ‘ई’ आणि त्याच्या शेजारी देशाचा आकडा, तसंच ‘४३आर’ ही युरोपीय नियमाची खूण. कधी त्यावर गाडीच्या कंपनीचं बोधचिन्हही असतं, आणि काही ठिकाणी उत्पादनाचं वर्ष-महिना ठिपक्यांनी दाखवलेला असतो. ठिपक्यांची पद्धत प्रत्येक कारखान्याची वेगळी, म्हणून ते उलगडत बसू नका. गाडीच्या सगळ्या काचांवर ठिपक्यांची मांडणी साधारण सारखी असेल आणि एकाच काचेवर वेगळी असेल, तर ती काच आधी कधीतरी बदललेली आहे एवढं मात्र त्यावरून कळतं. जुनी गाडी घेतानाही ही तपासणी उपयोगी पडते.

गाडीच्या बोधचिन्हाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या चिन्हाने काचेचा रंग बदलत नाही. तोच कारखाना तीच काच बोधचिन्हाशिवाय बाजारासाठीही काढतो आणि ती स्वस्त पडते. रंग जुळण्यासाठी काच बनवणारा कारखाना, काचेचा प्रकार आणि जाडी या तीन गोष्टी सारख्या असाव्या लागतात. चिन्ह हवं असेल तर हौसेखातर घ्या, पण पैसे कशाचे देताय हे माहीत असू द्या.

नेमकी कोणती काच फुटली आहे

‘मागची बाजूची काच’ एवढ्यावर ऑर्डर देऊ नका, कारण तिथे दोन किंवा तीन वेगळ्या काचा असतात. एक, मागच्या दारात वर-खाली होणारी. दोन, त्याच दारात तिच्या मागे बसवलेली छोटी, बहुधा तिकोनी, न हलणारी काच. तीन, दाराच्याही मागे, गाडीच्या अंगातच चिकटवलेली क्वार्टर काच. इनोव्हा, एर्टिगासारख्या तीन रांगांच्या गाड्यांत ती चांगली मोठी असते. तिन्हींचे भाग क्रमांक वेगळे, बसवायची पद्धत वेगळी आणि किंमतही वेगळी. चिकटवलेली क्वार्टर काच पुष्कळदा कडेच्या रबरी चौकटीसकट एकच भाग म्हणून येते, त्यामुळे आकाराने लहान असूनही ती दाराच्या काचेपेक्षा महाग निघू शकते.

डावी-उजवी ठरवताना चालकाच्या जागेवर बसून समोर बघताना जी डावी तीच डावी. गाडीसमोर उभं राहून बोट दाखवलं की उलटी काच येते. टफन काच कापून, घासून दुसऱ्या बाजूला बसवता येत नाही. ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते. पृष्ठभाग दाबात आणि आतला भाग ताणात राहतो, म्हणूनच फुटताना तिचे बोथट खडे होतात. आकार देणं, भोक पाडणं हे सगळं तापवण्याआधी झालेलं असतं. नंतर कापायला गेलात तर सगळी काच एका क्षणात चुरा होते. ‘मोठी आणून कापून देतो’ असं कुणी म्हणालं तर ते टफन काचेबद्दल बोलत नाहीत, आणि दारात टफनऐवजी घराच्या खिडकीची काच बसवणं जीवघेणं आहे. महाग गाड्यांत बाजूच्या काचाही कधी लॅमिनेटेड असतात. कडेला दोन थर आणि मधली बारीक रेघ दिसली तर तशीच काच मागवा.

आता व्हेरियंट. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला साधी आणि वरच्याला हिरवी किंवा ‘यूव्ही कट’, म्हणजे अतिनील किरण अडवणारी, काच असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. मॉडेलचं नवं रूप आलं की दाराचा आकार तोच राहून काचेचा प्रकार बदललेला असू शकतो. दुकानदाराला फक्त मॉडेल आणि वर्ष सांगितलं तर तो त्याच्याकडे असलेली काच देईल. त्याऐवजी आरसीवरचा सतरा अक्षर-अंकांचा चेसिस क्रमांक द्या आणि त्यावरून कंपनीच्या सूचीतला भाग क्रमांक काढायला सांगा. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर खिडकीवर हे काम काही मिनिटांचं असतं. तिथून काच घ्यायची नसली तरी भाग क्रमांक आणि किंमत विचारायला कुणाची ना नसते.

बाजारात हेच दोन शब्द चालतात: ‘प्लेन’ आणि ‘ग्रीन’. फोनवर पहिल्याच वाक्यात तुमची कोणती ते सांगा. न सांगितल्यास प्लेन येण्याचीच शक्यता जास्त, कारण ती स्वस्त असते आणि बसते सारखीच.

मोबाइलने मोजून बघा

काचेतून किती टक्के उजेड आरपार जातो यावर गडदपणा ठरतो. साधी तीन-साडेतीन मिलिमीटरची काच साधारण ९० टक्के उजेड जाऊ देते. हिरवी काच सहसा ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास. साध्या काचेत उरलेल्यातला मोठा वाटा परावर्तनाचा असतो, काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो.

फिल्म लावणाऱ्या काही दुकानांत टिंट मीटर असतं, पण दोन काचांची तुलना करायला साधा अँड्रॉइड फोन पुरतो. उजेड मोजणारं लक्स मीटरचं कुठलंही मोफत अॅप घ्या. फोनचा सेन्सर पुढच्या बाजूला, वरच्या स्पीकरजवळ असतो. मग असं करा.

१. रात्री किंवा बंद गॅरेजमध्ये, आजूबाजूचा उजेड कमी असताना हे काम करा. दिवसा ढग सरकला तरी आकडा बदलतो.

२. एलईडी टॉर्च एका स्टुलावर पक्का ठेवा. फोन त्याच्यासमोर हातभर अंतरावर टेकवा, मधे दाराची शाबूत काच येईल अशी जागा ठेवा. टॉर्च नुकता चार्ज केलेला असावा, म्हणजे मधेच मंद होणार नाही.

३. काच खाली करून आकडा वाचा. आता काहीही न हलवता काच वर करा आणि पुन्हा वाचा.

४. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. काचेशिवाय ८०० आणि काचेसह ६२० आलं, तर सुमारे ७७ टक्के.

फोनचे आकडे स्वतंत्रपणे पाहिले तर फारसे अचूक नसतात, पण इथे आपण एकाच फोनच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढतोय, त्यामुळे ती चूक बरीचशी कटते. हीच मोजणी दुकानात नव्या काचेवर करा. दोन्ही गुणोत्तरांत तीन-चार टक्क्यांचा फरक असेल तर चिंता नको. तेवढा गडदपणातला फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही. डोळ्याला टोचतो तो छटेतला फरक: हिरव्याशेजारी राखाडी, किंवा हिरव्याशेजारी पांढरी. म्हणून आकडा जुळला तरी पांढऱ्या कागदाची परीक्षा सोडू नका. नवी काच आणि गाडीची शाबूत काच, दोन्हींमागे एकाच वहीचा कागद धरून सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली छटा ओळखू येत नाही.

जाडीही बघा. रंग काचेच्या आत असल्यामुळे काच जितकी जाड तितकी ती गडद. त्याच रंगाची ४ मिलिमीटर काच ७५ टक्के उजेड जाऊ देत असेल, तर ३.२ मिलिमीटरची सुमारे ७८ टक्के देते. रंगात हा फरक किरकोळ, पण पातळ काच रबराच्या खाचेत सैल बसून खडखडते आणि जाड काच वर-खाली करणाऱ्या मशीनवर ताण आणते. जाडी मोजायचं कॅलिपर नसेल तर दोन्ही कडांवर पट्टी ठेवून किमान नजरेने तरी पडताळा.

तुलना कोणत्या काचेशी करायची, यालाही महत्त्व आहे. भाग क्रमांक, जाडी आणि प्रकार यांसाठी पलीकडच्या बाजूची तीच काच हा खरा नमुना. पण गाडीच्या दोन्ही बाजू कुणालाच एकदम दिसत नाहीत. नजरेला दिसते ती एकाच बाजूची रांग: पुढचं दार, मागचं दार, क्वार्टर. म्हणून शेवटचा शब्द शेजारच्या काचांचा. पुढच्या दाराची काच कधी बदललेली असून तीच वेगळी असेल, तर घोटाळा तिथे आहे.

पोलराइज्ड चष्मा घालून टफन काच बघितली तर सकाळ-संध्याकाळी तिच्यावर ओळीने काळपट ठिपके किंवा चट्टे दिसतात. हवेच्या झोताने थंड करताना पडलेल्या ताणाच्या त्या खुणा असतात, रंगाचा दोष नव्हे. काच नाकारण्याआधी चष्मा काढून बघा.

काच कुठून घ्यायची

माझा क्रम ठरलेला आहे. आधी त्याच कारखान्याची, तुमच्या चेसिस क्रमांकाशी जुळणारी बाजारातली काच. ती नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमार्फत ऑर्डर, जरी थांबावं लागलं तरी. तिसरा पर्याय, त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीची मूळ काच. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ इथे सुट्या भागांची दुकानं आहेत. चौकशी केली तर बंद झालेल्या मॉडेलच्या काचाही मिळतात. रंगाच्या बाबतीत जुनी मूळ काच ही नव्या स्थानिक काचेपेक्षा सरस ठरते, कारण ती त्याच प्रकारची असते. फक्त उभे ओरखडे, कडेचे टवके आणि काच मशीनला जोडणाऱ्या क्लॅम्पची जागा तपासा. कडेला टवका असलेली टफन काच घेऊच नका. दार जोरात आपटलं तरी ती जाऊ शकते.

काहीच जुळलं नाही आणि थांबणंही शक्य नसेल तर आयएसआय चिन्हाची प्लेन टफन काच बसवा आणि तिला तशीच राहू द्या. दिसायला ती वेगळी वाटेल, पण सुरक्षित आणि कायदेशीर असेल. जुळणारी मिळाली की बदलता येते.

मग फिल्म का नको?

कारण हिशोब आणि कायदा दोन्ही अडचणीचे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. मागच्या दाराची आणि क्वार्टर काच बाजूच्या काचांत येते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल देताना काचांवर फिल्म लावायलाच मनाई केली, मग तिची टक्केवारी कितीही असो. नंतर नियमात बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ या व्यापक व्याख्येत आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही आली. त्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही असं म्हटलं. पण तो निकाल केरळचा. महाराष्ट्रात किंवा गोव्यात नाक्यावर गाडी थांबवली गेली तर हा युक्तिवाद तुम्हालाच मांडावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपये दंडाची तरतूद आहे.

हिशोब असा. काच आणि फिल्म एकावर एक आल्या की टक्केवारी गुणली जाते. साधी ९० टक्क्यांची काच हिरव्या ७७ टक्क्यांच्या काचेशेजारी आणायची, तर सुमारे ८५ टक्क्यांची हलकी हिरवट फिल्म लागेल. नेमक्या त्या छटेची फिल्म जवळजवळ मिळत नाही. बहुतेक फिल्म राखाडी असतात, म्हणजे छटा चुकतेच. आणि सगळ्या काचा सारख्या दिसाव्यात म्हणून चारही दारांना ६० टक्क्यांची फिल्म लावली, तर हिरव्या काचेवर ७७ चे ६० टक्के म्हणजे साधारण ४६. बाजूच्या काचेची ५० ची मर्यादा तिथेच ओलांडली गेली. रंग जुळवायच्या नादात लोक नेमके या खड्ड्यात पडतात, म्हणून मी इतकं सविस्तर लिहितोय.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

अमेरिकेत एसयूव्ही, व्हॅन आणि पिकअपच्या मागच्या काचा कारखान्यातूनच खूप गडद येतात, पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास. तिथला संघीय नियम चालकामागच्या काचांना या गाड्यांत ७० टक्क्यांची सक्ती करत नाही. काचेच्या कोपऱ्यात ‘एएस-३’ लिहिलं असेल तर ती गडद प्रकारची, ‘एएस-२’ म्हणजे ७० टक्के किंवा त्याहून जास्त उजेड देणारी. ऑर्डर देताना ‘प्रायव्हसी’ (गडद) की ‘सोलर ग्रीन’ (हिरवट) हे विचारून घ्या, कारण एकाच गाडीसाठी दोन्ही काचा विक्रीला असतात. युरोपात ‘४३आर’ च्या खुणेजवळ रोमन पाच असेल तर काच ७० टक्क्यांपेक्षा कमी उजेड देणारी आहे. तिकडून कुणी अशी गडद काच भारतातल्या गाडीसाठी पाठवू म्हणालं तर नको म्हणा. आपल्याकडच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेखाली ती जाऊ शकते.

विमा

काच साफ करण्याआधी फोटो काढा, चोरीसाठी फोडली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवा आणि दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा. सर्वंकष विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, ही चांगली गोष्ट. पण १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपयांचा सक्तीचा वाटा तुमचाच असतो. शिवाय एक दावा केला की नो क्लेम बोनस जातो, तो जपणारं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी १०,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्के बोनसवर आहात. पुढच्या वर्षी ५,००० रुपये जास्त भरावे लागतील. एका दाराच्या काचेसाठी ते परवडतं का, हे आधी बघा. दावा करणार असाल तर सर्व्हेयरला सुरुवातीलाच सांगा की मूळ काच ग्रीन आहे. अंदाजपत्रकात प्लेनची किंमत लिहिली गेली तर फरक खिशातून जातो.

बसवताना लक्ष ठेवायच्या जागा

वर-खाली होणारी काच तुम्हालाही बदलता येते, थोडा धीर असेल तर. चिकटवलेली क्वार्टर काच मात्र जाणकाराकडेच द्या. जुना सीलंट कापताना रंगाला चर पडला तर तिथून गंज धरतो.

दारातली काच बदलताना दाराचं पॅड निघतं, त्यामागे पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा असतो. काचेचे खडे दाराच्या पोटात खूप खोल जातात. व्हॅक्यूम क्लीनरने सगळे काढायला लावा, खास करून तळाशी असलेल्या पाणी जाण्याच्या छिद्रांजवळचे. ती छिद्रं बुजली तर पावसाळ्यात दारात पाणी साचून खालची कड आतून सडते. चॅनल रबरात अडकलेला एखादा खडा नव्या काचेवर पहिल्याच दिवशी उभी रेघ ओढतो, म्हणून रबर बोटाने चाचपून बघा. पडदा परत नीट चिकटवला आहे याची खात्री केल्याशिवाय पॅड लावू देऊ नका. तो फाटका राहिला तर पाणी गाडीच्या गालिच्यात येतं.

एका दाबात वर जाणारी काच असेल तर बसवल्यावर तिला पुन्हा ओळख करून द्यावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद ओढून धरायचा असतो. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. क्वार्टर काचेच्या सीलंटला घट्ट व्हायला वेळ लागतो. तो किती, हे सीलंटवर आणि हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असल्याने गॅरेजकडून लिहून घ्या आणि तोवर दारं हळू लावा, धुण्याचा फवारा मारू नका.

गाडी ताब्यात घेताना ती सावलीत, उघड्यावर उभी करायला सांगा. दोन-तीन पावलं मागे जाऊन पुढचं दार, मागचं दार आणि क्वार्टर एका नजरेत बघा, मग जवळ येऊन नव्या काचेचा कोपरा वाचा आणि फोटो काढून ठेवा. बिलावर भाग क्रमांक, काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि ‘ग्रीन, टफन’ असं लिहून घ्या. दुसऱ्या बाजूची काच कधी फुटली तर त्या बिलावरूनच थेट ऑर्डर देता येते.